पितृपंधरवड्यातली शाळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



सोनाराचे पंचांग इतरांपेक्षा थोडे वेगळे असते. गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी, मधूनच येणारे गुरुपुष्य आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई. या दिवसांत डोंबिवलीच्या माझ्या खोलीतला दिवा रात्री बारापर्यंत विझत नाही. मग भाद्रपदाचा वद्यपक्ष येतो. पितृपंधरवड्यात सहसा कोणी सोने घेत नाही, नवा डाग करायला टाकत नाही. पेढीवरून येणारे काम थांबते. अशा वेळी कारागीर गावाला जातात, नाहीतर हत्यारे साफ करतात, जमिनीवरची धूळ गोळा करून झारेकऱ्याला देतात. गेली काही वर्षे मी या पंधरा दिवसांत शिकायला जातो.

मला महिन्याचा पगार नाही. मजुरी मिळते ती वजनावर किंवा नगावर. त्यामुळे शिकण्यात गेलेला तास म्हणजे बुडालेली मजुरी. ज्या दिवसांत मजुरीच नसते ते दिवस शोधायचे, एवढीच माझी युक्ती. अधिक महिन्याकडूनही मी अशीच आशा ठेवली होती. पण लग्ने नसली तरी जावई असतातच! २०२३च्या अधिक श्रावणात चांदीची निरांजने आणि ताम्हने उजळता उजळता महिना कसा गेला ते कळले नाही.

या वयात हे कशाला, असे घरचेही विचारतात. त्याचे उत्तर माझ्या वडिलांकडे आहे. ते कल्याणला आजोबांच्या हाताखाली शिकले. १९६३च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरटचे मंगळसूत्र कोण घालणार? देशभर सोनारांच्या शेगड्या थंडावल्या. वडील ठाण्याला वागळे इस्टेटीत एका कारखान्यात लेथवर लागले. पुढे ते बंधन उठले, १९९० साली तो कायदाही रद्द झाला. वडील मात्र त्याच्या कितीतरी आधी ऐरणीवर परतले होते, आणि येताना लेथचा हात घेऊन आले होते. त्यानंतर त्यांनी ठसे कधी विकत आणले नाहीत, स्वतःच कातून घेतले.

माझ्या वेळी बदल आला तो हॉलमार्कच्या वाटेने. जून २०२१पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, पाठोपाठ प्रत्येक डागाला सहा अक्षरी-अंकी ओळख आली. लहान दुकानांना त्यात सूट आहे, पण मी ज्यांना माल घडवून देतो त्या पेढ्यांना नाही. तेव्हा पहिल्या पंधरवड्यात मी कॅडमियमशिवाय डाख द्यायला शिकलो. पूर्वी दागिन्यावर 'केडीएम' असे कौतुकाने उठवलेले असे, ते हेच कॅडमियम. तापवले की ते उडून जाते, म्हणून डाखामुळे सोन्याचा कस फारसा उतरत नसे. पण उडून जाते ते कारागिराच्या छातीत. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे दोन्ही खराब होतात. नव्या डाखाला आच जास्त लागते, तो वेगळा पळतो. ज्योतीचा रंग ओळखणारा डोळा पुन्हा नव्याने बसवावा लागला.

नंतर ठाण्याला संगणकावर दागिना रेखाटण्याचा वर्ग धरला. संध्याकाळी डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणारी गाडी गर्दीच्या उलट असते, त्यामुळे बसायला जागा मिळते आणि वही उघडता येते. परतीचे विचारू नका. वर्गात सगळी माझ्या मुलाच्या वयाची पोरे. पडद्यावर नथ बैलगाडीच्या चाकाएवढी दिसते. ज्या पत्र्याची जाडी मी बोटाने ओळखतो ती तिथे मिलिमीटरच्या दशांशात लिहावी लागते. पहिले चार दिवस माझे बोट माउसवर असे पडत होते, जसे हातोडीवर पडते. पण पोरांनी काढलेल्या नथी बघितल्या आणि एक गोष्ट ध्यानात आली. मोती त्यांनी खड्यासारखे नुसते बसवले होते. नथीचे मोती तारेत ओवलेले असतात. ती तार जाणार कुठून आणि पीळ पडणार कुठे, याला त्यांच्या चित्रात जागाच नव्हती. खिशातली तार काढून मी ते दाखवले. तेव्हापासून शिक्षकही मला मधूनमधून विचारू लागले.

संगणकावरचे चित्र यंत्रातून मेणात उतरते, मेणाभोवती प्लास्टरसारखा साचा ओततात, भट्टीत मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत सोने. पोरांना हे नवे वाटते. मोहेंजोदडोची ती ब्राँझची नर्तकी याच मेणाच्या रीतीने ओतलेली आहे. मात्र ओतीव काम जड होते. ठुशीचा किंवा बोरमाळेचा पोकळ मणी पातळ पत्र्यातून हाताने जितका हलका उतरतो तितका साच्यातून उतरत नाही. २०२५ साली दहा ग्रॅम सोने लाखाच्या पुढे गेल्यापासून गिऱ्हाईक आधी वजन विचारते. म्हणून मी आता नक्षीचा भाग ओतून घेतो आणि बाकीचे हातानेच करतो.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सोनार आहे. तिच्या प्रशिक्षणात दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन मिळते. मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. कर्जाची बातमी जास्त होते, पण कारागिराचा दिवस फुकट नसतो हे इथे कुणीतरी धरले आहे. अर्थात लग्नसराईत पाचशेसाठी कोणी ऐरण सोडणार नाही. हे वर्ग पंचांग बघून लावावेत, अशी माझी सूचना आहे.

येत्या भाद्रपदात लेसरचे जोडकाम शिकायचे ठरवले आहे. मोत्याजवळ ज्योत नेता येत नाही, त्यामुळे जुनी नथ तुटली की आधी सगळे मोती सोडवावे लागतात. लेसरने ते जागेवर ठेवून जोड देता येतो. अशा दोन नथी माझ्या तिजोरीत थांबल्या आहेत. मालकिणींना मी दसऱ्यानंतर या म्हणून सांगितले आहे.