दोन तासांचा पेपर आणि पाच दिवसांची पारख

इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली, जिथून कुठून तुम्ही हे पाहत असाल तिथून माझा राम राम घ्या. फौजेत असताना समोर जवान बसलेले असायचे, ते हसले की कळायचं आपलं बोलणं बरं चाललंय. इथे समोर फक्त कॅमेरा आहे. सांभाळून घ्या.

मला विषय दिलाय, हुशार मुलं शाळेला ओळखता येतात का? मी शिक्षणतज्ज्ञ नाही, साधा बी.एस्सी. आहे. पण माणसं ओळखायचं काम मी सरकारी पगार घेऊन केलं आहे. काही वर्षं मी सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डात, म्हणजे एसएसबीत, जीटीओ होतो. ग्रुप टेस्टिंग ऑफिसर. मैदानावर मुलांना फट्टा, बल्ली आणि रस्सी देऊन अडथळे पार करायला लावतो, तो माणूस.

ज्यांच्या घरातलं कोणी एसएसबीला गेलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुलगा आला की त्याला छातीवर लावायला नंबर मिळतो. तिथून तो शर्मा नाही, पाटील नाही, सात नंबर आहे. पहिल्या दिवशी चाळणी लागते आणि बरेच जण त्याच दिवशी परतीच्या गाडीला लागतात. तेही मला कधी फारसं पटलं नाही, पण ते असो. उरलेल्यांना तीन माणसं तीन बाजूंनी पाहतात. मानसशास्त्रज्ञ फक्त त्याने लिहिलेलं वाचतो. मुलाखत घेणारा अधिकारी त्याच्याशी बोलतो. जीटीओ त्याला काम करताना बघतो. मनसा, वाचा, कर्मणा. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, हे तिघं शेवटच्या दिवसाच्या कॉन्फरन्सपर्यंत आपसात त्या मुलाबद्दल बोलत नाहीत. मेसमध्ये शेजारी बसून जेवतील, क्रिकेटवर भांडतील, पण सात नंबरबद्दल चकार शब्द नाही. का? तर एकाचं मत दुसऱ्याला चिकटू नये म्हणून.

मैदानावर मी काय शिकलो सांगतो. पहिल्या अडथळ्यावर जो मोठ्याने बोलतो तो लगेच नजरेत भरतो. इंग्रजी चांगलं, आवाज चांगला, ‘गाइज, लिसन टू मी’. दुसऱ्या अडथळ्यापर्यंत गाडी जोरात असते. तिसऱ्यावर फट्टा पुरत नाही, लाल रंगाला हात लावायची बंदी असते, आणि साहेब गप्प होतात. तेव्हा मागे उभा असलेला एखादा पोरगा बल्ली उचलतो आणि फट्ट्याला बांधतो. त्याने हे दहा मिनिटांपूर्वी हळूच सांगितलेलं असतं, पण कोणी ऐकलेलं नसतं. पहिल्या दिवशी लिहिलेलं माझं मत दुसऱ्या दिवशी मीच खोडलंय, असं कितीतरी वेळा झालं.

आता शाळांकडे येतो. आपल्या देशात खेड्यातली हुशार मुलं शोधायची सगळ्यात मोठी सरकारी योजना म्हणजे नवोदय विद्यालयं. १९८५-८६ मध्ये दोन विद्यालयांनी सुरुवात झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. आज साडेसहाशेच्या वर आहेत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. राहणं, जेवण, वह्या-पुस्तकं सरकारकडून. नववीत काही मुलं वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला राहून येतात. हे मला फार आवडतं, कारण रेजिमेंटमध्ये आम्ही तेच जगलो. ही योजना नसती तर हजारो मुलं शेतात नाही तर टपरीवर असती, यात मला शंका नाही.

पण निवड कशी होते? पाचवीतलं मूल, दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. आणि संधी एकदाच. दुसऱ्यांदा बसता येत नाही. इकडे एसएसबीत नापास झालेला बावीस वर्षांचा घोडा पुन्हा पुन्हा येतो, पाचव्या खेपेला निवडला गेलेलेही मी पाहिलेत. त्या घोड्याला आपण पाच दिवस निरखतो आणि दहा वर्षांच्या पोराला दोन तास. त्या दिवशी त्याला ताप असला तर? गुरुजींनी फॉर्मबद्दल सांगितलंच नसलं तर? शिवाय आता या परीक्षेचेही क्लास निघालेत. पेपरात हुशारी किती दिसते आणि तयारी किती, हे वेगळं काढणं अवघड झालंय.

तुम्ही म्हणाल, कर्नल, लाखो मुलांना पाच दिवस कोण बघणार? बरोबर आहे. पण शाळेतले शिक्षक त्याच मुलाला वर्षाचे दोनशेहून जास्त दिवस बघतात की! एसएसबीला मिळत नाही तेवढा वेळ त्यांच्याकडे आहे. फक्त त्यांनी पाहिलेलं कोणी विचारत नाही, आणि कुठे लिहायला जागाही नाही.

हे सगळं शिकून झाल्यावर मी स्वतः काय केलं, ते आता सांगतो. उत्तरेतल्या एका छावणीत पोस्टिंग होतं आणि तिथल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचं काम माझ्याकडे आलं. शाळेचं नाव घेत नाही, कारण चूक तिच्यापेक्षा माझी जास्त होती. एप्रिलमध्ये प्रस्ताव आला की सहावीच्या चार तुकड्यांपैकी ‘अ’ तुकडीत पाचवीच्या गुणांवरून पहिले चाळीस घ्यायचे आणि त्यांना गणित-विज्ञानाचे जादा तास द्यायचे. चहा संपायच्या आत मी सही केली.

पावसाळ्यात एमटीचे सुभेदार साहेब माझ्याकडे आले. हातात वहीचं फाडलेलं पान. स्कूल बस रोज उशिरा पोचायची, त्याबद्दल मी त्यांना झापलं होतं. म्हणाले, “साब, ये ड्राइवर के लड़के ने बनाया है.” पानावर छावणीतले अकरा थांबे, कुठलं गेट किती वाजता उघडतं, रेल्वे फाटक केव्हा बंद असतं, आणि बसचा नवा रस्ता. सुभेदार साहेबांनी दोन दिवस तसा चालवून पाहिला होता. बारा मिनिटं वाचत होती.

पोराला बोलावलं. गढवालकडचा, बाप नायक, पाच वर्षांत चौथी शाळा. तुकडी ‘ड’. वर्गशिक्षिकेचा शेरा होता, ‘लक्ष नसते, वहीच्या शेवटी रेघोट्या मारतो’. मी विचारलं, “कैसे सोचा?” म्हणाला, “सर, बस में और कुछ करने को होता नहीं.” त्याचा थांबा पहिला होता. रोज पन्नास मिनिटं तो खिडकीतून हेच बघत होता.

मी मुख्याध्यापकांशी बोललो. ते म्हणाले, सर, नियम गुणांचा आहे, एक अपवाद केला तर सगळे पालक येतील. त्यांचंही खोटं नव्हतं. दोन अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी मला आधीच फोन येऊन गेले होते. मी अडून बसू शकलो असतो. म्हटलं, सहामाहीनंतर बघू. डिसेंबरात बापाची बदली झाली आणि पोरगं गेलं. बसचा रस्ता मात्र त्याने काढलेलाच राहिला.

आता आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो आणि बुधवारी मी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जातो. तिथल्या बाईंना मी एकच विनंती केली. एक साधी वही ठेवा. वर्गशिक्षिका, खेळ घेणारे सर आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी, तिघांनी महिन्यातून एकदा आपापलं लिहायचं, दुसऱ्याचं न बघता. कुठल्या मुलाने न सांगता काही शोधून काढलं, एवढंच. मावशींना लिहिता येत नाही, त्या सांगतात आणि मी लिहितो. खरं सांगू? सगळ्यात कामाच्या नोंदी त्यांच्याच असतात.

सापडलेल्या मुलाला द्यायचं काय, हा पुढचा घोळ. आपल्याकडे गणित आधी सोडवणाऱ्याला बक्षीस म्हणून तशीच आणखी दहा गणितं मिळतात, नाहीतर इतरांच्या वह्या तपासायला लावतात. फौजेतही काम करणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं, म्हणून मला ते ओळखीचं आहे. त्याला दहा नको, एकच द्या, पण अवघड द्या. २०२०च्या शिक्षण धोरणात अशा मुलांसाठी विषयवार मंडळं, प्रकल्प आणि निवासी उन्हाळी शिबिरं सुचवली आहेत. कागदावर उत्तम आहे. आमच्या शाळेत दोन शिक्षकांकडे चार वर्ग आहेत, त्यामुळे सध्या आमचं मंडळ म्हणजे बुधवार दुपार, मी, आणि सहा पोरं. गेल्या आठवड्यात आम्ही गावच्या टाकीतलं पाणी किती तास पुरतं हे मोजत होतो. एका मुलीने विचारलं, गळतं ते धरायचं का? अजून मोजतोय.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचं, वॉचमनचं, ड्रायव्हरचं मूल यंदा पाचवीत असेल तर त्यांना नवोदयच्या फॉर्मबद्दल विचारा. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. त्यांना जमत नसेल तर तुमच्या फोनवरून भरून द्या. जय हिंद.