बैल आषाढात द्या

मंडळी, सरपंचांनी मला विषय दिला ‘पशुपालकांसाठी शासकीय मदत’. तलाठ्याचा पंचनामा, डॉक्टरचं शवविच्छेदन, कानातला बिल्ला, आधार जोडलेलं खातं, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ते सोडतो. मदत ‘किती’ यावर सगळे भांडतात, मी ‘कधी’ यावर भांडणार आहे.

आकडे तेवढे सांगतो. आपत्तीत दुभती गाय-म्हैस मेली तर ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळीला ४,०००. मोठी जनावरं तीनच धरायची ही अट २०२५च्या ऑक्टोबरात पुराच्या पॅकेजमध्ये काढली. तीच शेळी बिबट्यानं नेली तर २०२२च्या निर्णयाप्रमाणं वनखातं बाजारभावाच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त १५,००० देतं. म्हणजे शेळीनं खातं बघून मरावं! (हशा) वनखात्याची मंडळी मागं हसतायत. थांबा, बिबट्यावर यायचंय अजून.

आपल्या गुंजण मावळात बैल मरतो कधी? आषाढात. वीज पडते, गोठ्याची भिंत बसते. आणि बैल लागतो कधी? त्याच आठवड्यात, चिखलणीला. पैसे दिवाळीनंतर आले की सोसायटीच्या हप्त्यात जातात. वर आपणच म्हणतो, मदत उडवली.

काय तात्या? पॉवर टिलर? आहेत ना. वरच्या अंगाच्या खाचरात चढवून दाखवा, मी खाली बसतो. (टाळ्या)

नोकरीत असताना पंचनाम्याला एका वाडीवर गेलो होतो. भिंत पडून जोडीतला एक बैल मेलेला. पाऊस असा की कागदावरची शाई पसरायची. घरच्या म्हातारीनं माझ्या डोक्यावर खताच्या गोणीची खोळ धरली आणि म्हणाली, “सायेब, दुसराबी लिवा.” म्हटलं, “आजी, तो उभा आहे की.” “उभा हाय, पर त्यो एकटा काय कामाचा?” रकाना होता मेलेल्याचा. मी एकच लिहिला. तिनं शेजाऱ्याशी पैरा केला, त्याचा एक, हिचा एक. दोन्ही बैल एकमेकांना नवखे, जू एकीकडं वर, एकीकडं खाली. आधी शेजाऱ्याची खाचरं झाली, मग हिची. तोवर रोप तरव्यातच वाढून पिवळं पडलेलं. त्या साली इंद्रायणी भात किती पिकला, ते तिच्या कणगीला विचारा. त्या नुकसानीचा पंचनामा कोण करणार?

समोर राजगड आहे म्हणून वक्ता महाराजांचं नाव घेतोच, मीही घेतो. १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना महाराजांचं पत्र गेलं. राबायला माणूस आहे पण बैल नाही, त्याला बैलाला रोख द्या, पोटाला दाणे द्या. वसूल फक्त मुद्दल, तेही हळूहळू, ऐपत बघून. कर्जच होतं ते, फुकट नव्हे. पण त्यातून जमीन कसली जावी हा हिशेब होता. आज केंद्राच्या निकषातसुद्धा मेलेल्या जनावराच्या जागी दुसरं आणणं हाच हेतू लिहिलाय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? शेवटची एसटी? बिबट्या राहिलाच. (हशा) मग कामाचं सांगतो. पंचनामा झाल्यापासून आठ दिवसांत निम्मी रक्कम द्या, उरलेली छाननी नंतर करा, असं निवेदन तहसीलदारांच्या नावे लिहून आणलंय. माईकवाल्याच्या टेबलावर आहे. आणि शासनाचे पैसे येईपर्यंत बैलापुरती उचल सोसायटीनं द्यावी. चेअरमन, मान खाली घालू नका, तुमच्याकडंच बघतोय मी. किती बैलांना देता, ते उठून सांगा. एसटी थांबवायला माणूस पाठवलाय.