पाय लांब करण्याची शस्त्रक्रिया : रुग्णाने काय अपेक्षा ठेवावी?



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारा माणूस आहे. माझ्या पुतण्याचा पाय लहानपणीच्या अपघातामुळे चार सेंटिमीटर आखूड राहिला होता. त्याच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने जे पाहिले, तेच आपणापुढे मांडतो.

सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. पायाबाहेर धातूची कडी बसवतात व हाडातून आरपार घातलेल्या तारा त्यांना ताणून बांधतात. मग हाड कापतात. पाच-सात दिवसांनी दोन्ही भाग रोज एक मिलिमीटर दूर सारायचे, तेही एकदम नव्हे. पाव-पाव मिलिमीटर, चार वेळा. मधल्या जागेत शरीर स्वतःच नवे हाड घडवते. टोकियो ऑलिंपिकमधील (१९६४) उंच उडीचे विजेते व्हॅलेरी ब्रुमेल यांचा १९६५ च्या मोटारसायकल अपघातात मोडलेला पायही इलिझारोव्ह यांनीच सावरला.

चार सेंटिमीटर म्हणजे चाळीस दिवस, असा हिशेब आम्ही केला. तो चुकला. लांबी मिळाल्यावर नवे हाड पक्के होण्यास त्याहून अधिक काळ लागतो. कडी सहा महिने पायात होती. नट फिरवायचे काम वहिनींकडे होते. तिसऱ्या आठवड्यात मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, आज नको." त्या रडल्या, पण पाना खाली ठेवला नाही.

हाड वाढते, पण स्नायू व नसा मागे ओढतात. म्हणून रोजचा व्यायाम टाळला तर सांधे आखडतात. तारांच्या छिद्रांत जंतुसंसर्ग होऊ शकतो, स्वच्छता पाळावी. धूम्रपानाने हाड जुळण्यास विलंब होतो. आता हाडाच्या आत बसवून बाहेरून चुंबकाने लांबवण्याचा खिळाही निघाला आहे. त्यात तारांचा त्रास नाही, पण खर्च फार, आणि व्यायाम व धीर तेवढाच लागतो.

दोन सेंटिमीटरपर्यंतचा फरक बहुधा बुटातील उंचवट्याने भागतो. केवळ उंची वाढावी म्हणून धडधाकट पाय कापून घेऊ पाहणाऱ्या तरुणांनी तर शंभरदा विचार करावा. डॉक्टरांना विचारा: किती महिने लागतील? शाळा-नोकरी किती बुडेल? पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का? घरी रोज कोण सांभाळील?

पुतण्या आज सरळ चालतो. घोटा मात्र पूर्ण वाकत नाही, उकिडवे बसता येत नाही. तरी तो म्हणतो, "काका, सोसले ते वाया गेले नाही." हे त्याने म्हणावे, आपण आधी पूर्ण माहिती घ्यावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.