बरोबरीची किंमत



शाहूपुरीच्या श्रोत्यांपुढे बरोबरीविषयी बोलणे जरा धाडसाचेच. खासबागेत कुस्ती बरोबरीत सुटली की निम्मे मैदान हळहळते, हे आम्ही जाणतो. बुद्धिबळात मात्र बरोबरीला अर्धा गुण असतो. आणि त्या अर्ध्या गुणाचे मोल किती मानावे, हे यंत्रालाही माणसानेच सांगावे लागते.

बुद्धिबळ खेळणारे संगणकयंत्र प्रत्येक स्थितीला आकडा देते. एक प्यादे म्हणजे शंभर, बरोबरी म्हणजे शून्य. आता समजा, त्याच त्या खेळ्या फिरवून डाव बरोबरीत सोडवण्याची एक वाट आहे आणि दुसरी वाट उणे दहाची, म्हणजे किंचित वाईट. यंत्र बरोबरी घेईल. पण काही यंत्रांत एक कळ असते. इंग्रजीत तिला 'कन्टेम्प्ट', म्हणजे तुच्छता, असे फटकळ नाव आहे. ती वीसवर ठेवली की बरोबरीची किंमत उणे वीस होते. पट तोच, मोहरी तीच. पण आता उणे दहाची वाट सरस ठरते आणि यंत्र लढत राहते. कळ उलटी फिरवली, तर हाती थोडी सरशी असूनही ते बरोबरी पत्करते. दुबळ्यापुढे पहिली रीत लाभाची, बलाढ्यापुढे दुसरी. म्हणजे हा आकडा पटाविषयी काही सांगत नाही. तो समोरच्याविषयीचा आपला अंदाज आहे.

अंदाज किती फसवा! जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दीर्घ मुदतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. सामना जलद डावांवर गेला. हंपी तर २०१९ आणि २०२४ ची जलद बुद्धिबळातील जगज्जेती. कागदावर पाहता दुसऱ्या डावातली बरोबरी दिव्याला महागच पडायची. पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसरा तिने जिंकला.

आमच्या पेठेतील मुले हल्ली घरी यंत्रावर डाव तपासतात. 'स्टॉकफिश' या प्रसिद्ध यंत्रातून ही कळ पुढे काढून टाकली. पण 'लीला'सारख्या यंत्रात ती आहे. तेव्हा पालकांनी एवढे पाहावे, की तपासताना ती शून्यावर असावी. नाहीतर मुलाने निगुतीने वाचवलेला डाव यंत्र चूक म्हणून दाखवील, आणि पोरगे उगाच खट्टू होईल.