वर्षातला एक आठवडा

पदवीदान समारंभात, पाळक होऊ घातलेल्या पदवीधरांचं, त्यांच्या आईवडिलांचं आणि प्राध्यापकांचं अभिनंदन प्रमुख पाहुण्यांनी दोन वाक्यांत उरकलं. श्रीगोंद्याचे हे निवृत्त पाळक. पहिल्या रांगेतल्या, नुकतंच लग्न झालेल्या एका पदवीधराला त्यांनी उभं केलं आणि विचारलं, "पहिल्या नेमणुकीच्या गावी मंडळीच्या कमिटीपुढे बसाल, तेव्हा पगार आणि घर सोडून आणखी काय मागाल?" तरुण गोंधळला. "वर्षातला एक आठवडा मागा," पाहुणे म्हणाले. "बायकोमुलांसाठी. आणि लेखी मागा."

भाषणाचा विषय छापील पत्रिकेत ‘एकविसाव्या शतकातील पाळकीय सेवा’ असा होता. पाळकसाहेब त्या विषयाकडे फारसे वळले नाहीत. पाळकाच्या घरात मूल कसं वाढतं, हे मात्र त्यांनी मन लावून सांगितलं. या घराला दार असतं, पण ते बंद करायची सोय नसते. जेवणाच्या ताटावर बसलं की कुणीतरी "सलाम, पाळकसाहेब" म्हणत आत येतं. कुणाला सोयरिकीचं पत्र हवं असतं, कुणाच्या घरी मयत झालेली असते, कुणाचं भावाशी बिनसलेलं असतं. बाप उठतो. नाताळच्या दिवशी तो दुसऱ्यांच्या घरचा फराळ खात गावभर फिरतो आणि स्वतःच्या घरी पोचतो तेव्हा मुलं झोपलेली असतात. मुलानं शाळेत कुणाशी मारामारी केली, तर इतरांच्या पोराला दोन धपाटे मिळतात, याला वर ऐकावं लागतं, "पाळकाचा मुलगा असून?"

"पाळकपदाची दीक्षा तुम्ही घेतलीत," ते म्हणाले. "तुमच्या मुलांनी घेतलेली नाही."

इथून पाळकसाहेबांचं बोलणं दीड-दोनशे वर्षं मागे गेलं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं. थंडी पडली की मिशनरी बैलगाड्यांवर तंबू लादून जिल्ह्यात दौऱ्यावर निघत. एका गावाबाहेर मुक्काम, आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर उपदेश, मग पुढचं गाव. पुष्कळदा बायकामुलंही बरोबर असत. उन्हाळ्यात हीच कुटुंबं महाबळेश्वर गाठत. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला राहणारे सॅम्युएल फेअरबँक तर दक्षिणेत पळणीच्या डोंगरांतही गेले आणि तिथे त्यांनी पक्ष्यांचे नमुने गोळा केले. तिथल्या एका पक्ष्याला ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञानं 1869 मध्ये फेअरबँक यांचं नाव दिलं. पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत ते आजही आहे. फेअरबँक यांचे मुलगे हेन्री आणि एडवर्ड मोठेपणी याच जिल्ह्यात कामाला आले. पाळकसाहेबांना यात योगायोग दिसत नाही. ज्या मुलांनी बापाला रानात, पक्षी शोधताना, मोकळा पाहिला, त्यांना बापाचं काम आपलंसं वाटलं, असं त्यांचं मत आहे.

त्याच मिशनमधली दुसरी गोष्ट त्यांनी लगेच सांगितली. मुंबईत काम करणारे रॉबर्ट विल्सन ह्यूम यांची प्रकृती कामानं पार ढासळली. उपचारासाठी मायदेशी निघाले आणि 1854 मध्ये वाटेतच, जहाजावर वारले. मुंबईत जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट तेव्हा सात वर्षांचा होता. तोही 1874 मध्ये परत आला, नगरला स्थायिक झाला आणि 1878 मध्ये त्यानं तिथे पाळक तयार करणारी शाळा काढली. "मुलगा परत आला, हे आपण अभिमानानं सांगतो," पाळकसाहेब म्हणाले. "सात वर्षांच्या पोराचा बाप गेला, हे कोण सांगतं?"

आणि मग त्यांची जुनी सल बाहेर आली. तंबू, महाबळेश्वर, हवापालटाची रजा, हे सगळं गोऱ्या मिशनऱ्यांना होतं. मराठी पाळकाचा पगार गरीब मंडळीच्या दानार्पणातून यायचा आणि दुष्काळाच्या साली दानार्पणाच्या थैलीत काय पडणार? त्याच्या बायकोमुलांना डोंगरावर न्यावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. मिशनरी गेले, बंगले राहिले, नियम बदलले. पण पाळकाला विश्रांती लागत नाही ही समजूत तशीच राहिली. पाळकसाहेबांनी स्वतः एकदा रजा मागितली होती. कमिटीतल्या एका वडिलांनी भर सभेत विचारलं होतं, "साहेब, देव कधी रजेवर जातो का?" हे सांगताना, इतक्या वर्षांनंतरही, त्यांचा आवाज चढला.

नारायण वामन टिळकांचं नाव निघाल्याशिवाय नगर जिल्ह्यातल्या पाळकाचं भाषण पुरं होत नाही. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू मागे राहिले आणि पुढची चार-पाच वर्षं त्या घराची फाटाफूट झाली. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ते दिवस लिहून ठेवले आहेत; पहिला भाग 1934 मध्ये आला. "धर्मांतराबद्दल वाद घालायला पुष्कळ लोक ते पुस्तक उघडतात," पाळकसाहेब म्हणाले, "मी ते दत्तूसाठी उघडतो." घर पुन्हा जुळलं आणि किती मोठं झालं, हे सांगताना मात्र ते खुलले. अनाथ मुलं त्या घरात वाढली, विद्यार्थी वाढले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, नगरला टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं आणि त्याचा शेवट देवदत्तांनी, म्हणजे त्याच दत्तूनं, लिहिला. बापाला मुलाचा सहवास मिळाला, म्हणून मुलाला बापाचं काम हाती घ्यावंसं वाटलं, असं पाळकसाहेब पुन्हा म्हणाले. सभागृहातल्या काही जणांनी एव्हाना घड्याळं पाहिली होती.

पाळकसाहेबांची स्वतःची सुट्टी अगदी साधी होती. तंबू विकत घ्यायची ऐपत नव्हती. बाजार समितीतल्या एका लिंबाच्या व्यापाऱ्यानं जुनी ताडपत्री दिली, बांबू रानातून आणले. जानेवारीत, ज्वारी हुरड्यात आली की, कुटुंब हंगा नदीवरच्या विसापूर तलावाकाठी ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात जायचं. तीन दगडांची चूल, पिठलं, भाकरी आणि रात्री ओढून घ्यायला गोधड्या. पाळकीणबाईंना वर्षातून तेवढेच दिवस पाहुण्यांसाठी चहा टाकावा लागत नसे. मुलगी पाण्यावरची बदकं मोजायची. बापाला एकाही पक्ष्याचं नाव येत नाही हे कळल्यावर तिनं शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक आणलं आणि मग तीच बापाला शिकवायला लागली. एका वर्षी ते भीमेकाठच्या पेडगावला गेले. बहादूरगडाच्या पडक्या तटात, लक्ष्मीनारायणाच्या यादवकालीन मंदिरासमोर मुलानं विचारलं की संभाजी महाराजांना कैद करून इथेच आणलं होतं का. बापानं 1689 सालची ती हकीकत संध्याकाळ होईपर्यंत सांगितली. घरी असते तर पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी दार वाजवलं असतं.

श्रीगोंदा हा उसाचा तालुका. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की बीड-पाथर्डीकडच्या टोळ्या येतात आणि उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. तलावावरून परतताना पाळकाच्या मुलीनं एका कोपीपुढे आपल्याच वयाची मुलगी धाकट्या भावाला सांभाळताना पाहिली आणि आईला विचारलं, "हेपण सुट्टीला आलेत?" आईनं खरं ते सांगितलं. त्या रात्री मुलगी जेवली नाही. पुढच्या हंगामात मंडळीतल्या तरुणांनी त्या फडावर संध्याकाळी मुलांना शिकवायला सुरुवात केली. पाळकसाहेब म्हणाले की मंचावरून त्यांनी गरिबांविषयी खूप उपदेश केले होते, पण हे काम सुरू झालं ते मुलीच्या प्रश्नानं, आणि तो प्रश्न तिला पडला कारण ती बापाबरोबर बाहेर पडली होती.

मुलगी आज परिचारिका आहे. मुलगा शिक्षक झाला, पाळक झाला नाही. बापाला याचं दुःख आहे का, असं लोक विचारतात. त्यांना ते मुळीच नाही. मुलगा रविवारी उपासनेला येतो, आपल्या मुलांना पुढच्या बाकावर बसवतो आणि जानेवारीत ताडपत्री न्यायला विसरत नाही.

बदल्यांवर मात्र पाळकसाहेब पुन्हा बराच वेळ रेंगाळले. भर शाळेच्या मोसमात आलेली बदली, मुलाची दहावी असताना सोडावं लागलेलं गाव, आणि निवृत्तीच्या दिवशी मंडळीचं घर रिकामं करताना लक्षात येणारी गोष्ट, की आयुष्यभर दुसऱ्यांची घरं आशीर्वादित केली आणि आपलं एकही नाही. व्यासपीठावर बसलेल्या वरिष्ठांकडे वळून त्यांनी सांगितलं की निदान एप्रिलच्या आत बदल्या कळवा. टाळ्या मागच्या बाकांवरून, पदवीधरांच्या बायकांकडून आल्या.

शेवटी ते आठवड्यावर परत आले, आणि यावेळी तपशिलासह. रविवारी मंडळी कोण सांभाळणार, हा कमिटीचा पहिला प्रश्न असतो. शेजारच्या दोन पाळकांनी आपसांत रविवार वाटून घ्यावेत. मयत झाली तर कुणाला फोन करायचा ते दारावर लिहून ठेवावं. स्वतःचा फोन बायकोच्या हाती द्यावा. पैसे नसतील तर गावाबाहेरचं कुठलंही पडीक रान चालतं, पण पाळकाच्या घरात तो आठवडा घालवला तर तो सुट्टीचा आठवडा मोजू नये. ही अट नेमणुकीच्या पत्रातच घालून घ्या, कारण नंतर मागायला धीर होत नाही, असं त्यांनी सांगितलं. सुरुवातीला उभा केलेला तरुण तोवर बसला होता. पाळकसाहेबांनी त्याला नेमणूक कुठल्या गावी आहे ते विचारलं, त्या मंडळीच्या कमिटीतले कोणी सभागृहात आहेत का याची चौकशी केली आणि मागच्या बाजूला एक हात वर झाल्यावर व्यासपीठावरून खाली उतरून ते त्यांच्याकडे निघाले.