हळदीचा हक्क कोणाचा?

हिमायतनगरच्या शिवारांत हळद पिकते; ती काढावयाची, उकडावयाची, वाळवावयाची आणि बाजारांत न्यावयाची, हा क्रम तेथें घरोघर ठाऊक आहे. जखमेवर हळद दाबावी हें तर पोरासोरांसहि कळतें. असें असतां १९९५ सालीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरून येण्यासाठीं हळद वापरण्याचें पेटंट मिळालें!

श्रोते हो, हें घडलें कसें? पेटंट नव्या शोधासच मिळतें. परंतु त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें परदेशांतील नुसती वहिवाट पुरावा ठरत नसे. छापील आधार लागे. आजीबाईचा बटवा कितीहि जुना असो, तो छापलेला नव्हता.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हांचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर हे मूळचे गोव्यांतील माशेलचे. परिषदेनें १९९६ सालीं हरकत घेतली, जुन्या ग्रंथांतील उतारे व १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढें मांडला, आणि १९९७ सालीं पेटंटांतील दावे फेटाळले गेले. पुढें २००१ सालापासून असें पारंपरिक ज्ञान संगणकावर नोंदविण्याचें काम सुरू झालें, तें यासाठींच.

आज जगाची धांव नोंदणीकडे आहे. २०२३ सालीं जगभर पेटंटांसाठीं सुमारें ३५ लाख अर्ज झाले. त्यांपैकीं जवळजवळ निम्मे एकट्या चीनच्या कचेरींत. व्यापारचिन्हें आणि वस्तूंचे नमुने यांच्या नोंदणीचे अर्जहि लाखांनीं मोजले जातात.

शेतकऱ्यास यांत स्थान कोणतें? पेटंट शोध लावणाराचें. भौगोलिक मानांकन मात्र भूमीचें. तें कोणास विकतां येत नाहीं. सांगलीच्या हळदीस तें २०१८ सालीं मिळालें, आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांतील वसमतच्या हळदीस २०२४ सालीं.

तथापि मानांकन मिळालें म्हणजे प्रत्येकाच्या पोत्यावर तें आपोआप उमटत नाहीं. त्या प्रदेशांतील उत्पादकानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव नोंदवावें लागतें. मूळ नोंदणीहि दर दहा वर्षांनीं नवी करावी लागते. हें न केल्यास नांव कागदावर राहील आणि माल निनांवी विकला जाईल.

परक्यानें नेलेलें परत मिळविण्यास कायद्याचे पंडित लागले. जें हातीं आहे तें राखण्यास मात्र एक अर्ज आणि थोडी जागरूकता पुरेशी आहे.