कोकोपीट आधी धुवा, मग रोप लावा

पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची लावणाऱ्या किंवा लावायचा विचार करणाऱ्या बायांशी आज मला बोलायचंय.

आमच्या १० गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये तिसऱ्या वर्षी मिरचीच्या मुळांना गाठी आल्या. सूत्रकृमी. म्हणून माती सोडून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या पिशव्यांत लागवड करायचं ठरलं. स्वस्त मिळाल्या म्हणून मी विटा आणल्या. ५ किलोची वीट पाण्यात फुगून साधारण ७० लिटर भुसा होतो, बघत राहावं असं. भुसा फुगवला, पिशव्या भरल्या, रोपं लावली. आठवड्यात पानांच्या कडा करपायला लागल्या. मला वाटलं, उन्हानं होतंय. सासूबाईंनी पिशवीखालून गळणारं पाणी बोटानं जिभेला लावलं आणि थुंकल्या. "अगं, हे तर खारट आहे!" तोवर खत सुरूही केलं नव्हतं. निम्मी रोपं गेली, आणि त्यावर बचत गटाचं कर्ज होतं.

किनारपट्टीला काथ्या काढण्यासाठी सोडणं बऱ्याचदा खाडीच्या पाण्यात कुजवतात. ते मीठ भुशात उतरतं. नुसत्या पाण्यानं धुतलं तर सुटं मीठ जातं, पण कणांना चिकटलेलं सोडियम आणि पोटॅश जात नाही. वर तोच भुसा आपण दिलेलं कॅल्शियम धरून ठेवतो. झाडाला ते मिळत नाही आणि मिरचीचं टोक काळं पडून सडतं. आपण मात्र रोग समजून फवारण्या करत बसतो!

आता मी काय करते, ते सांगते. भुसा फुगवून साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुते, पाणी पूर्ण निथळू देते. मग १०० लिटर पाण्यात १ किलो कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात भुसा २४ तास भिजवते. यात दुसरं कुठलंही खत घालू नका, सल्फेट किंवा फॉस्फेट असेल तर साका बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वच्छ पाण्यानं धुवायचं. कुठवर? तर आधी आपल्या विहिरीच्या पाण्याचा ईसी मोजायचा आणि निथळणारं पाणी त्याच्या जवळ येईपर्यंत धुवायचं. त्यासाठी पेनासारखं ईसी मीटर मिळतं. सासूबाईंच्या जिभेवर आता काम भागवू नका, त्या पाण्यात खत असतं. धुतलेलं पाणी नारळाच्या किंवा गवताच्या बांधाला सोडा, विहिरीजवळ नको.

विकत घेताना दुकानदाराला "धुतलेलं आहे का" एवढंच विचारू नका. "कॅल्शियमची प्रक्रिया केली आहे का" हेही विचारा, आणि 'हो' म्हणाला तरी घरी एक वीट भिजवून मोजा.

एक गोष्ट मात्र मातीसारखी नाही. माती एक दिवस पाणी चुकलं तरी सांभाळून घेते, पिशवीतला भुसा उन्हाळ्यात नाही घेत. आमच्याकडे दुपारी वीज जाते, म्हणून आम्ही पाण्याची टाकी उंचावर बसवली. तेवढं जमत नसेल तर पहिल्या वर्षी सगळ्या शेडला नको, दोन ओळींनाच करून बघा.